फुकट ते पौष्टिक? वायफायला हा नियम लागू नाही!

कॅफे, एअरपोर्ट, रेल्वे स्टेशन, हॉटेलची लॉबी... बसाल तिथे फुकटचं नेट हजर. त्याबद्दलचे घाबरवणारे सल्लेही तितकेच फुकट मिळतात. पण खरा झोल होतो कुठे, आणि कुठे उगाच टेन्शन घ्यायचं कारण नाही?

सीन मागच्या वर्षीचा. रविवारची रात्र, एअरपोर्ट आणि फ्लाइट दोन तास लेट. सोमवारी सकाळी साडेनऊला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आणि त्यातल्या दोन स्लाइड्स बॉसला आत्ताच्या आत्ता हव्यात. त्या दिवसाचा मोबाइल डेटा मी दुपारीच वेबसिरीजवर उडवलेला. लॅपटॉप उघडला, वायफायची लिस्ट बघितली. सगळ्यात वर एअरपोर्टच्या नावाचं नेटवर्क, शेवटी 'फ्री' असा गोड शब्द आणि सिग्नलच्या दांड्या फुल्ल. अजून काय पाहिजे? केलं क्लिक.

छानसं पेज उघडलं. वर विमानाचं चित्र, खाली 'तुमच्या ईमेलनं लॉगिन करा' आणि दोन चौकोन. ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा टाकला. तिसऱ्यांदाही टाकला (हो, तिसऱ्यांदाही. हसा!). नेट काही सुरू होईना. शेजारच्या खुर्चीतले काका निवांत क्रिकेट बघत बसले होते. त्यांना विचारलं, "काका, तुमचं वायफाय चालू आहे का हो? माझा पासवर्डच घेत नाहीये."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "पासवर्ड कुठला? इथे नुसता मोबाइल नंबर टाकायचा, मग ओटीपी येतो. तुम्ही नक्की कशाला जोडलंय?"

पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं. तेवढ्यात बोर्डिंगची अनाउन्समेंट झाली. दीड तासानं उतरून फोन सुरू केला तर स्क्रीनवर प्रश्न वाट बघत होता: कुणीतरी नव्या डिव्हाइसवरून तुमच्या अकाउंटमध्ये शिरायचा प्रयत्न करतंय, हे तुम्हीच आहात का? मी जोरात 'नाही' दाबलं. टॅक्सीच्या रांगेत उभी राहून पासवर्ड बदलला. अकाउंट वाचलं ते केवळ दोन टप्प्यांच्या पडताळणीमुळे, म्हणजे टू-स्टेपमुळे. आणि ती मी हौसेनं लावलेली नव्हती. आमच्या ऑफिसच्या आयटीवाल्यानं "मॅडम, हे केल्याशिवाय लॅपटॉप देणार नाही" म्हणून अडून बसत लावायला लावली होती. त्याला नंतर मिसळ खिलवली.

ते पेज चोराचंच होतं, हे मी आज कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण त्या रात्री झोपायच्या आधी मी एक काम केलं. माझ्या मेलमध्ये नक्की काय काय पडलंय, ते शोधून बघितलं. पॅन कार्डचा फोटो. आधारची पीडीएफ. तीन वर्षांच्या सॅलरी स्लिप्स. फ्लॅटचं भाड्याचं अॅग्रीमेंट, त्यावर घरमालकांची सही. आईचे अँजिओग्राफीचे रिपोर्ट्स. आणि वर कडी म्हणजे बाकी प्रत्येक अकाउंटचं 'पासवर्ड विसरलात?' याच मेलवर येतं. आपण मेलला घराची किल्ली समजतो. तो किल्ल्यांचा अख्खा जुडगा असतो.

ऑस्ट्रेलियातला जुळा

माझी गोष्ट अर्धवट आहे, पण अशीच एक गोष्ट शेवटापर्यंत गेली आहे. एप्रिल २०२४. ऑस्ट्रेलियातल्या एका देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना वायफायच्या लिस्टमध्ये एक संशयास्पद नेटवर्क दिसलं. त्यांनी कळवलं. पोलिसांनी पर्थ एअरपोर्टवर एका प्रवाशाची बॅग तपासली. सापडलं काय? एक लॅपटॉप, एक फोन आणि हातात मावेल एवढं वायफायचं यंत्र. बस्स.

त्याची मोडस ऑपरेंडी एकदम साधी होती. खऱ्या नेटवर्कसारख्याच नावाचं खोटं नेटवर्क सोडायचं. इंग्रजीत त्याला 'इव्हिल ट्विन' म्हणतात, म्हणजे आपल्या हिंदी पिक्चरमधला दुष्ट जुळा भाऊ. माणूस जोडला गेला, की त्याच्यासमोर ईमेल किंवा सोशल मीडियाचा पासवर्ड मागणारं पेज ठेवायचं. आलेली माहिती स्वतःजवळ साठवायची. पर्थ, मेलबर्न, अॅडलेडचे एअरपोर्ट आणि विमानांमध्ये हे चाललं होतं. पुढे तपासात कळलं, की चोरलेल्या पासवर्डांनी तो बायकांच्या अकाउंटमध्ये शिरून त्यांचे खासगी फोटो-व्हिडिओ उचलत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं त्याला सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा सुनावली.

यात एक गोष्ट नीट बघा. त्यानं हवेतून कुणाचा पासवर्ड ओढून घेतला नाही. कुठलाही फिल्मी हॅकिंगचा हिरवा स्क्रीन नाही. लोकांनी पासवर्ड स्वतःच्या हातानं, स्वतःच्या बोटांनी टाइप करून दिला. माझ्यासारखाच!

जुनं भूत

"पब्लिक वायफायवर बँकेचं अॅप उघडू नका" हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. माझे मामा तर कॅफेत शिरताना फोन फ्लाइट मोडवर टाकतात. हा सल्ला कधीकाळी एकदम खरा होता, म्हणून त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं 'फायरशीप' नावाचं छोटंसं अॅड-ऑन फुकट वाटलं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टाकायचं, कॅफेच्या उघड्या वायफायला जोडायचं आणि एक बटण दाबायचं. आसपास जे कुणी फेसबुक-ट्विटर वापरत असतील, त्यांची नावं फोटोंसकट बाजूला यायची. नावावर डबल क्लिक केलं, की तुम्ही त्यांच्या अकाउंटमध्ये! तेव्हा बऱ्याच साइट्स पासवर्ड टाकण्यापुरतंच दार लावायच्या आणि नंतरचा सगळा कारभार उघड्यावर चालायचा. बटलरला तेच दाखवून कंपन्यांना लाजवायचं होतं.

आणि कंपन्या लाजल्या. फेसबुकनं २०१३ मध्ये सगळ्यांसाठी सुरक्षित जोडणी, म्हणजे तुमच्या अॅड्रेस बारमधलं ते 'एचटीटीपीएस', कायमची सुरू केली. २०१५ च्या शेवटी 'लेट्स एन्क्रिप्ट'नं त्यासाठी लागणारी सर्टिफिकेट्स फुकट द्यायला सुरुवात केली, त्यामुळे छोट्या साइट्सनाही कारण उरलं नाही. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर उघड्यावर चालणाऱ्या साइटला सरळ 'असुरक्षित' असा शिक्का मारायला लागला. आज तुम्ही रोज वापरता त्या जवळपास सगळ्या साइट्स आणि बँकेची अॅप्स बंद पाकिटातून बोलतात. शेजारच्या टेबलावरच्या पोराला पाकिटावरचा पत्ता दिसू शकतो, म्हणजे तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते. आतली चिठ्ठी नाही. यूपीआय अॅप तर शिवाय तुमच्या सिमला आणि फोनला बांधलेलं असतं.

म्हणजे मामांनी कॅफेत बसून कॉफीचे पैसे यूपीआयनं दिले तर आभाळ कोसळणार नाही. (सांगून बघितलं. ऐकत नाहीत.)

चोरानं मग काय केलं? हवेत काही मिळेना, तेव्हा तो दारात येऊन बसला. नेटवर्कच्या नावात आणि त्यानंतर उघडणाऱ्या पहिल्या पेजमध्ये.

ओटीपी कुणासाठी?

"पण ओटीपी टाकून आत गेलं म्हणजे सेफच ना?" असं माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. हा ओटीपी आला कुठून, त्याची गोष्ट आपल्या मुंबईतलीच आहे आणि ती फार वाईट दिवसांची आहे.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीची मेल आली होती. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या एका घरी. तिथल्या वायफायला पासवर्डच नव्हता. बाहेरून कुणीतरी ते वापरून मेल पाठवली होती आणि घरातल्या माणसामागे मात्र चौकशीचा ससेमिरा लागला. ऑगस्टमध्ये माटुंग्यातल्या एका कॉलेजचं वायफाय असंच वापरलं गेलं. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीचं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरत होते. त्याच वर्षी दूरसंचार खात्यानं नियम केले: सार्वजनिक वायफाय वापरणारा कोण आहे, याची नोंद पाहिजे.

तेव्हापासून आपण मोबाइल नंबर टाकतो आणि ओटीपीची वाट बघतो. तो ओटीपी तुम्हाला ओळखण्यासाठी आहे. ते नेटवर्क खरं आहे की खोटं, याची ओळख तो तुम्हाला करून देत नाही. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये तुम्ही नाव-पत्ता लिहिता, त्यानं खोलीचं कुलूप मजबूत होतं का? तसंच हे.

उलट, या सवयीचा एक साइड इफेक्ट झालाय. वायफाय जोडलं, पेज आलं, की ते मागेल ते आपण मुकाट्यानं भरतो. ब्रिटनमध्ये 'पर्पल' नावाच्या वायफाय कंपनीनं २०१७ मध्ये गंमत म्हणून नियम-अटींत एक कलम घुसडलं: फुकट नेटच्या बदल्यात मी एक हजार तास समाजसेवा करीन. त्यात सार्वजनिक संडास धुणंही होतं. दोन आठवड्यांत २२ हजार लोकांनी 'मान्य' दाबलं. कलम नजरेत आलं फक्त एकाच्या.

फळ्यावरचा पासवर्ड

कॅफेतल्या फळ्यावर खडूनं वायफायचा पासवर्ड लिहिलेला असतो. शेजारी हसणाऱ्या कपाचं चित्र. पासवर्ड आहे म्हणजे कुलूप आहे, हे अर्धसत्य. कुलूप आहे, पण किल्ली कॅफेतल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आजही बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या डब्ल्यूपीए-टू पद्धतीत, ज्याला तो पासवर्ड माहितीये आणि ज्यानं तुमचा फोन जोडला जाण्याचा क्षण पकडलाय, त्याला वायफायचं हे कवच उघडता येतं. आतलं बंद पाकीट तरीही बंदच राहतं, त्यामुळे घाबरायला नको. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीमध्ये ही भानगड मिटवली आहे. कॅफेवाल्याचा राउटर त्याच्या इडली स्टीमरइतकाच जुना असेल तर मात्र विषय संपला.

आणखी एक लोच्या. फळ्यावरचा पासवर्ड चोरालाही वाचता येतो. तेच नाव आणि तोच पासवर्ड लावून तो स्वतःचं नेटवर्क उभं करू शकतो. तुमच्या फोनला फरक कळणार नाही, कारण असं नेटवर्क तो नाव आणि पासवर्ड जुळतायत का, एवढ्यावर ओळखतो. ज्याला पासवर्डच नाही तिथे नुसतं नाव जुळलं तरी पुरतं. फोनला चेहरे ओळखता येत नाहीत.

त्यामुळे आज रात्री एक काम करा. सेटिंग्जमध्ये जाऊन साठवलेल्या नेटवर्क्सची यादी काढा. माझ्या यादीत चव्वेचाळीस नावं होती. चार वर्षांपूर्वीच्या गोवा ट्रिपचं हॉटेल. बंद पडलेला एक कॅफे. एका एक्सच्या घरचं वायफाय (ते सगळ्यात आधी उडवलं). ही प्रत्येक उघडी एंट्री म्हणजे, 'या नावानं कुणीही हाक मारली तर मी येईन' असं तुमच्या फोननं देऊन ठेवलेलं वचन आहे. 'फर्गेट' करा, आणि एअरपोर्ट-कॅफेसारख्या नेटवर्कचं 'ऑटो-जॉइन' बंद ठेवा.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपा उपाय आपल्या खिशातच आहे आणि आपल्याकडे तो स्वस्त आहे: स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट. मेल पाठवायची, एक्सेल शीट अपलोड करायची, बँकेचं काम उरकायचं, एवढ्याला रोजचा डेटा पॅक आरामात पुरतो. पब्लिक वायफाय लागतं ते तीन प्रसंगी: डेटा संपला, मॉलच्या बेसमेंटमध्ये रेंज नाही, किंवा परदेशात रोमिंगचं बिल परवडत नाही. (चौथा प्रसंग म्हणजे रविवारची वेबसिरीज. त्याबद्दल मी बोलायच्या लायकीची नाही.)

वायफाय वापरायचंच असेल, तर जोडायच्या आधी नाव विचारा. भिंतीवरच्या बोर्डावर बघा किंवा काउंटरवर सरळ विचारा, "दादा, तुमचं वायफाय नक्की कुठल्या नावानं आहे?" यात कसली लाज? रेल्वे स्टेशनवर रेलटेलचं वायफाय असतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगलच्या मदतीनं त्याची सुरुवात झाली. गुगलनं २०२० मध्ये यातून अंग काढून घ्यायचं ठरवलं, रेलटेलनं मात्र सेवा चालू ठेवली. त्या नेटवर्कचं नाव 'रेलवायर'. त्याच नावाच्या मागेपुढे 'फ्री', 'फास्ट', 'व्हीआयपी' असं काही चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका.

पेज उघडल्यावर ते काय मागतंय, हे बघा. मोबाइल नंबर आणि त्या वायफायचाच ओटीपी, ठीक. हॉटेलमध्ये आडनाव आणि रूम नंबर, तेही ठीक. पण तुमच्या ईमेलचा, फेसबुकचा, ऑफिसचा पासवर्ड मागितला, किंवा 'फक्त व्हेरिफिकेशनसाठी' कार्डाचा नंबर मागितला, की खिडकी बंद. 'गुगलनं लॉगिन करा' असं बटण काही खऱ्या ठिकाणीही असतं, मान्य. मी तिथेही नाही करत. दुसरा पर्याय नसेल तर नेट नको.

आता एक टिप, जी मला त्या रात्री माहीत असती तर हा लेखच लिहावा लागला नसता. पासवर्ड पाठ करून टाइप करू नका. ब्राउझरच्या किंवा फोनच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. तो पासवर्ड भरण्याआधी साइटचा पत्ता तपासतो. पेज कितीही हुबेहूब असू दे, पत्ता वेगळा असेल तर तो गप्प बसतो. म्हणजे नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर वैतागून स्वतः टाइप करायचा नाही. पत्ता वाचायचा. 'पासकी'ची सोय असेल तर ती लावून टाका. तिथे टाइप करून द्यायला पासवर्डच नसतो, त्यामुळे खोट्या पेजला चोरायला काही उरत नाही. आणि टू-स्टेप लावलेलं नसेल तर हे मासिक खाली ठेवा, लावा आणि मग पुढे वाचा.

कुलपाच्या चित्रावर मात्र जाऊ नका. 'अॅड्रेस बारमध्ये कुलूप दिसलं म्हणजे साइट सेफ' हे आपण कॉलेजपासून ऐकत आलो. कुलपाचा अर्थ एवढाच, की पाकीट बंद आहे. ते पाकीट कुणाच्या हातात जातंय, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या साइटलाही कुलूप मिळतं. या गैरसमजापायीच क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये कुलूप काढून तिथे वेगळं चिन्ह आणलं. याउलट, ब्राउझरनं अख्खा स्क्रीन भरून 'ही जोडणी खासगी नाही' असा इशारा दिला, तर त्याचं ऐका. बारीक अक्षरातल्या 'तरीही पुढे जा' वर बोट ठेवायचं नाही, मीटिंगला कितीही उशीर होत असला तरी.

हॉटेलच्या वायफायबद्दल एक वेगळी सूचना, विशेषतः ऑफिसच्या लॅपटॉपवाल्यांना. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं 'डार्कहोटेल' नावाचं प्रकरण उघड केलं. आशियातल्या महागड्या हॉटेलांत उतरणारे बडे अधिकारी हे टार्गेट. साहेब रूमवर आले, वायफायला जोडले, की 'फ्लॅश प्लेअर अपडेट करा' असं काहीतरी यायचं. साहेब अपडेट करायचे आणि अपडेटमधून हेर आत शिरायचा. म्हणून बाहेरगावच्या वायफायवर अचानक आलेलं कुठलंही अपडेट डाउनलोड करू नका. ते घरी जाऊन, फोनच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंग्जमधूनच. आणि विंडोज विचारतं ना, नेटवर्क 'पब्लिक' की 'प्रायव्हेट'? डोळे झाकून 'पब्लिक' निवडा. मग तुमचे शेअर केलेले फोल्डर शेजारच्या खोलीत दिसत नाहीत.

व्हीपीएनचा फंडा

"व्हीपीएन टाक ना यार!" ग्रुपमधला एक जण हे म्हणतोच. कंपनीनं दिलेलं व्हीपीएन असेल तर जरूर वापरा, ऑफिसच्या कामाला तर वापराच. फुकटच्या व्हीपीएनचा मामला वेगळा आहे. व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं येणं-जाणं एका तिऱ्हाइताच्या बोगद्यातून. कॅफेवाल्याला काही दिसत नाही, पण बोगद्याच्या मालकाला दिसतं. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली होती. तिचं अॅप तुमचं रक्षण करतो म्हणायचं आणि लोक कुठली अॅप्स किती वापरतात, हे फेसबुकला कळवायचं. २०१८ मध्ये ते अॅपलच्या स्टोअरमधून गेलं, पुढच्या वर्षी बंद झालं.

आपल्याकडे २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. पैसे देऊन नावाजलेलं व्हीपीएन घेतलंत तर हवेतल्या कानांपासून अजून एक पडदा मिळतो. पण माझ्या एअरपोर्टच्या किश्श्यात त्याचा शून्य उपयोग होता. व्हीपीएन सुरू व्हायच्या आधीच मी पासवर्ड देऊन बसले होते.

लॅपटॉप उघडा, तोंडही उघडं

खरं सांगू? कॅफेत माहिती फुटते ती बऱ्याचदा वायफायशिवायच. परवाच बाणेरच्या एका कॅफेत एक साहेब फोनवर कस्टमर केअरला स्वतःची जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि ईमेल असं सगळं खणखणीत आवाजात सांगत होते. त्यांच्या मागच्या टेबलावरच्या मला त्यांचं कार्ड कुठल्या बँकेचं आहे तेसुद्धा आता पाठ आहे. दुसरी एक मुलगी लॅपटॉप उघडा टाकून 'जरा बघाल का?' असं मलाच सांगून वॉशरूमला गेली. मी भली बाई आहे म्हणून ठीक. मॅकवाल्यांनी आणि आयफोनवाल्यांनी एअरड्रॉप 'फक्त कॉन्टॅक्ट्स'वर ठेवावं, नाहीतर लोकलच्या डब्यात कसकसले फोटो येतात ते मैत्रिणींना विचारा.

आणि झालाच घोटाळा तर?

पासवर्ड भलत्या पेजवर टाकला असं नुसतं वाटलं, तरी लाजत बसू नका. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या. आधी मेलचा पासवर्ड बदला, कारण जुडगा तिथे आहे. मग 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट' दाबा. मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना आणि कुणी गुपचूप 'फॉरवर्डिंग' लावून ठेवलं नाही ना, तेही बघा. हे बघायला बहुतेक जण विसरतात. मग तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला होता ते आठवा. (सगळीकडे, हो ना?)

ऑफिसचा पासवर्ड असेल तर आयटीवाल्याला लगेच फोन करा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. तो चिडेल. तीन दिवसांनी कळलं तर जास्त चिडेल. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार पोचली तर ते मध्येच गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. नेटवर्कचं नाव, त्या पेजचा स्क्रीनशॉट, ठिकाण आणि वेळ जपून ठेवा. मी यातलं काहीच ठेवलं नव्हतं.

हे लिहितेय तेही एका कॅफेतच. समोरच्या फळ्यावरचा पासवर्ड म्हणजे कॅफेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. लिस्टमध्ये कॅफेच्या नावाची दोन नेटवर्क्स दिसतायत, एकाच्या शेवटी 'गेस्ट'. काउंटरवरच्या दादाला विचारलं तर म्हणाला, "गेस्टवालं आपलं नाही ताई, ते वरच्या मजल्यावरच्या जिमचं असेल." असेल. त्या दोघांच्या खाली कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट आहे, नाव 'बाबांचं नेट, दूर राहा'. मी माझ्या हॉटस्पॉटवर आहे. अठ्ठावीस टक्के बॅटरी शिल्लक.